मंगळवारची गाडी

डुलुथमध्ये मंगळवार कधीकधी गुरुवारी येतो.
सरोवरावरून वारा सुटला
की डेपोतल्या फळ्यावर खडूनं दोन शब्द: आज नाही.
आणि टेकडीच्या उतारावर दारोदार
डबे उभे राहतात ताटकळत,
शाळा सुटूनही न्यायला कुणी आलं नाही
अशा पोरांसारखे.

मग येते बर्फ ढकलणारी गाडी.
तिचं आमचं जुनं वाकडं.
ती रस्ता मोकळा करते, म्हणजे
रस्त्यावरचं सगळं आमच्या डब्यांच्या उरावर घालते.
गुरुवारी पहाटे मी पोचते तेव्हा
निळ्या डब्याचं नुसतं झाकण वर,
पुराच्या पाण्यात टोपी दिसावी तसं.
आत पुठ्ठे भिजून, गोठून, एकमेकांत मुरलेले:
चार खोक्यांची एक लादी.
नाताळचा चमकी कागद निळ्यात टाकू नका,
हे मी अकरा वर्षं सांगतेय.
अकरा वर्षं तो त्यातच असतो.

माझ्या गाडीला पोटं दोन, एक कचऱ्याचं, एक निळ्याचं,
पण हात एकच, पोलादी,
आणि थंडीत तोही म्हातारा होतो.
तेल घट्ट होतं, सांधे करकरतात,
डबा उचलतो तो कण्हत.
उलटा करतो. झटकतो. पुन्हा झटकतो.
कधी सगळं पडतं.
कधी आत नुसतंच काहीतरी हुंकारतं
आणि डबा भरलेलाच खाली उतरतो,
नको म्हणून परत पाठवलेल्या ताटासारखा.

सोळाव्या गल्लीतले हाल्वोर्सन.
त्यांचा डबा तीन आठवडे तसाच उतरत होता.
चौथ्या खेपेला मी पहार घेऊन उतरले.
उणे तेवीस. पापणीला पापणी चिकटत होती.
वाकून पाहिलं तर तळाशी
ओटची लापशी, कॉफीचा चोथा, सुपाचं उरलंसुरलं,
थरावर थर,
एका माणसाच्या जेवणाचा दगड झालेला.

दोन घाव घातले असतील
तोवर म्हातारबुवा केटली घेऊन धावत आले,
पायांत घरातल्याच सपाता.
मी ओरडले, "ओतू नका, तेपण गोठेल!"
ते थबकले.
केटलीतून वाफ येत होती. वाया कशाला घालवायची,
म्हणून आम्ही दोघं तिच्याभोवती हात धरून उभे.
मग म्हणाले,
"सॉल्वेग असताना असं कधी झालं नाही.
हे खातं तिच्याकडं होतं.
ती काय करायची, कोण जाणे."

मला ठाऊक होतं ती काय करायची.
हा पोलादी हात यायच्या आधी
डबे आम्ही आमच्या हातांनी पालथे घालायचो.
तिच्या डब्यातून सगळ्यात शेवटी पडायचं
चौघडी घातलेलं वर्तमानपत्र,
शब्दकोड्याचं पान वर.
पेनानं भरलेलं, एकही खाडाखोड नाही.
बाईंशी मी आयुष्यात बोलले नव्हते.

शब्दकोड्याचं मी काही सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं: तळाशी पेपर घाला,
ओलं पिशवीत बांधा,
झाकणावरचा बर्फ आदल्या रात्रीच झाडा.
ते मान हलवत ऐकत होते,
परक्या गावात कुणी पत्ता सांगावा तसे.

पुढच्या मंगळवारी, खऱ्याखुऱ्या मंगळवारी,
डबा उचलला, उलटा केला,
धप्प.
कॅमेऱ्यात दिसलं:
रविवारचा अख्खा अंक, पुरवण्या-जाहिरातींसकट,
घडीसुद्धा न मोडलेला.
जरा जास्तच घातला होता.
चालतं.

खिडकीत दिवा होता. हॉर्न वाजवावासा वाटला,
पण सातच्या आत आम्हाला मनाई.
शेजारी टर्नक्विस्टांकडं वळले.
निळ्यात चमकी कागद.